दोन बाकांची होडी

११ जानेवारी

प्लायवूड आलं. सहा ताव, पाण्यात न फुगणारं. हमाल दोघे होते. त्यांनी ताव हॉलमध्ये टेकवले आणि एकाने विचारलं, "कपाटं करताय का?" मी म्हटलं, "होडी." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तो थांबला.

ही लेकीकडे गेली त्याला आज नऊ दिवस झाले. लेकीला मुलगी झाली आहे, जावई फिरतीवर असतो, घरात कोणीतरी मोठं हवं. दोन महिन्यांसाठी गेली आहे. म्हणजे माझ्या हातात दोन महिने आहेत.

नोंद ठेवायची ही जुनी सवय. चौतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली. दुकानातले काटे, पेट्रोलपंपावरची मापं, ट्रकांचे वजनकाटे. जे मोजलं ते त्याच दिवशी लिहायचं, दुसऱ्या दिवशी आकडे लाड करायला लागतात.

होडी का? लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही एका तळ्याकाठी गेलो होतो. समोरून पांढऱ्या शिडाची एक लहान होडी चालली होती. हिने बोट केलं आणि म्हणाली, "किती छान ना! असं असायला हवं." मी म्हटलं, "निवृत्त झालो की करू." मी शब्द पाळणारा माणूस आहे. उशीर होतो एवढंच.

साडेअकरा फूट लांब, दोन बाकांची. मागे मी, सुकाणू आणि मोठं शीड सांभाळणार. पुढे ही, तिच्या हातात पुढच्या लहान शिडाची दोरी. आत्ता काही सांगणार नाही. आली की बघेल.

२० जानेवारी

सोफा उभा करून भिंतीला लावला. टीव्ही फ्रिजशेजारी नेला. जेवणाचं टेबल आता सुतारकामाचं टेबल आहे. मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो, घासायला भांडी कमी पडतात.

ताव आठ फुटांचे, होडी साडेअकरा फुटांची. म्हणून ताव टोकाला टोक जोडायचे. कडा तासून तिरप्या करायच्या, एपॉक्सीचा गोंद लावायचा, वर वजन ठेवायचं. मी हिच्या दगडी पाट्यापासून विश्वकोशापर्यंत सगळं वर रचलं.

दुपारी हिचा फोन. बाळ बरं आहे. ती काहीतरी सांगत होती, लेकीच्या इमारतीतल्या कोणाबद्दल तरी, तेवढ्यात जोडातून एपॉक्सी ओघळायला लागली. मी "एक मिनिट हां" म्हणून फोन खाली ठेवला. हात पुसून परत उचलला तर बंद झाला होता. रेंज गेली असणार.

६ फेब्रुवारी

होडी शिवतात हे मला माहीत नव्हतं. कापलेल्या पाट्यांच्या कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची, पक्कडीने पीळ द्यायचा. दोनशे बारा टाके. सकाळी जमिनीवर चार सपाट पाट्या होत्या. चहाच्या वेळेपर्यंत हॉलमध्ये होडीचा आकार उभा. मी बराच वेळ नुसता सोफ्याच्या जागी उभा राहून बघत होतो.

कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. "अगं, बघ" एवढं तोंडात आलंसुद्धा.

२४ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. आईची शिलाई मशीन पाठवा म्हणाली. आणि मोठी बॅग, आणि कपाटातले लोकरीचे कपडे.

"थंडी संपत आली की," मी म्हटलं.

"बाबा, पाठवा ना."

"किती दिवस राहणार आहे अजून?"

"तुम्ही आईलाच विचारा."

"विचारतो," म्हटलं. बाळासाठी काही शिवायचं असेल, दुसरं काय. मशीन पाठवायच्या आधी शीड मात्र शिवून घेतलं. पाच दिवस लागले. कापड इतकं सरकतं की घसरगुंडीवर शिवल्यासारखं वाटतं. सुया सात मोडल्या. हिने डबीत सुया नंबराप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. नव्या आणून तशाच लावल्या आणि मशीन खोक्यात घातली. खोकं काट्यावर ठेवलं, चौदा किलो दोनशे.

हिला विचारायचं राहिलं.

१५ मार्च

आतले सांधे फायबरग्लासच्या कापडपट्ट्यांनी बंद केले, तारा काढल्या. एपॉक्सीचा वास तळमजल्यावरून जिन्यात चढला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर नाकाला रुमाल लावून खाली आले. भांडायला आले होते, पण होडी बघून भांडण विसरले. सभोवार एक चक्कर मारली.

"बाहेर कशी काढणार?"

"गॅलरीच्या दारातून. तिरकी. चार बोटं शिल्लक राहतात."

"मोजलंय?"

"मास्तर, मला विचारताय?"

मग त्यांनी दोन बाकांकडे पाहिलं. "वहिनी कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात."

ते जाताना दारात म्हणाले, "रविवारी जेवायला येत जा आमच्याकडे. दर रविवारी. एकटे काय करता इथं." आजपर्यंत कधी बोलावलं नव्हतं. होडीचा परिणाम. माणसं उगीच होडीला हसत नाहीत, त्यांना आत कुठेतरी हवीच असते.

९ एप्रिल

डोलकाठी तासतोय. चौकोनी लाकूड गोल करायचं म्हणजे आधी आठ बाजू, मग सोळा, मग हात फिरवत राहायचं. हात फिरवताना खोट कळते, डोळ्याला कळत नाही.

हिचा फोन. तिला तिची प्रमाणपत्रांची फाइल हवी आहे, लग्नाआधीची, निळी. माळ्यावर सापडली. आत एक फोटो निघाला, कॉलेजातला. केस कापलेले, हसतेय. मला हे केस आठवत नाहीत. फोटो फाइलमध्येच ठेवला आणि पाठवून दिली. फाइल कशाला हवी ते विचारायला हवं होतं. डोलकाठीचं चाललं होतं, राहून गेलं.

४ मे

निघाली! मास्तर, होडीला रंग दिला तो रंगारी, समोरच्या दुकानातले दोघे आणि मी. गॅलरीच्या दारातून तिरकी. चार नाही, साडेतीन बोटं शिल्लक. रंगाचा थर मी धरला नव्हता.

टेम्पोने तळ्यावर नेली. तिथे धक्का आहे, सायकलसारख्या पायाने चालवायच्या बोटी भाड्याने मिळतात. तो धंदा चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. मोठी टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पलीकडच्या काठाने मान वळवावी. सगळे त्यांना बोटवाल्या बाई म्हणतात. त्यांनी होडीवर हात फिरवला, वाकून सांधे बघितले.

"सफाई आहे हाताला, साहेब. पण ही एकट्याने चालवायची का दोघांनी? आधी ते ठरवा."

"दोघांनी."

"दुसरं माणूस कुठाय?"

"यायचंय."

"मग आल्यावर पाण्यात घाला."

मला धीर धरवला नाही.

११ मे

एकटा मागे बसलो की पुढचं टोक वर उचलतं, होडी नाकाने आभाळ हुंगत चालते. म्हणून पुढच्या बाकावर हिच्या वजनाइतकी वाळूची गोणी ठेवायची ठरवलं.

काटा घेऊन बसलो, गोणी समोर, हातात फावडं. आणि किती किलो भरायची ते मला माहीत नव्हतं.

चौतीस वर्षांत किती तोळे, किती टन तपासले त्याची गणती नाही. किराणावाल्याच्या पारड्याला खालून चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं मी काढलेलं आहे. बायकोचं वजन माहीत नाही. अंदाजाने बावन्न भरलं. मग वाटलं, लेकीच्या वेळेनंतर वाढलं होतं. मग वाटलं, गेल्या वर्षी ब्लाउज सैल झाल्याचं काहीतरी म्हणत होती. बावन्नच ठेवलं.

पहिला अर्धा तास फार सुंदर गेला. शीड भरलं, होडीखाली पाणी बोलायला लागलं. मग डावीकडून वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, गोणी बाकावरून घसरून खालच्या बाजूला गेली आणि सगळं उलटलं.

पाणी थंड होतं. दोन्ही टोकांच्या हवाबंद पेट्या नीट केल्या होत्या म्हणून होडी तरंगत राहिली, मी तिला धरून. बोटवाल्या बाई वल्ही मारत आल्या, आल्या त्या बोलतच.

"वाळू ठेवली होती पुढे?"

"हो."

"वाळू कलत नाही, साहेब. होडी एकीकडे झुकली की माणूस दुसरीकडे झुकतं, म्हणून ती सरळ राहते. गोणी आपली असते तिथंच, नाहीतर पडते बुडाला." मग मला ओढून घेताना खालच्या आवाजात, "कोणाच्या जागी ठेवली होती?"

मी दात वाजतायत असं दाखवलं. वाजतही होते.

१ जून

ही येतेय! सातला, शनिवारी. लेकीने कळवलं. मी हॉल तीनदा झाडला, तरी फटींतून भुसा निघतोच. सोफा खाली केला. टीव्ही जागेवर. होडी कोरडी करून पुन्हा रंगवली, पुढच्या बाकाला उशी केली. हाताने शिवली, मशीन नाही.

म्हणजे पाच महिने झाले. दोनाचे पाच झाले तरी आली ना.

७ जून

ही सकाळच्या गाडीने आली. एक लहान पिशवी होती. मी विचारलं, "मोठी बॅग?" ती म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय."

केस कापले आहेत.

चहा केला. तिने कप घेतला आणि म्हणाली, "बसा, मला बोलायचंय." मी म्हटलं, "आधी चल, एक दाखवायचंय. मग बोलू." तिने माझ्याकडे बघितलं, कप ठेवला आणि चप्पल घातली.

तळ्यावर होडी दोराला बांधून उभी होती, शीड गुंडाळलेलं. मी सगळं सांगत सुटलो. ताव, टाके, डोलकाठीच्या सोळा बाजू. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "ही पुढची जागा कोणाची?"

"तुझी."

ती हसली. खरंच हसली, आणि मग काठावरच्या दगडावर बसून पदराने डोळे पुसायला लागली.

"मला तुम्ही कधी विचारलंत?"

"तूच म्हणाली होतीस! लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. होडी बघून. किती छान, असं असायला हवं."

ती आठवत राहिली. तिला आठवलं.

"होडी नाही हो. होडीच्या मागे, पलीकडच्या काठावर, एक घर होतं. तिथे एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती. एकटीच. घाई नाही, मागून हाक नाही. एक चादर घातली की जरा थांबायची, पाण्याकडे बघायची, मग दुसरी. मी तिला दाखवत होते."

मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं."

"तेव्हा तुम्ही होडी किती लांब असेल ते सांगायला लागला होतात."

नंतर तिने जे बोलायला आली होती ते सांगितलं. ती परत राहायला येणार नाही. लेकीच्या घराजवळ एक खोली घेतली आहे. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आहे, एप्रिलपासून. भांडण नाही, राग नाही. "तुम्ही वाईट नाही. कधी हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत. पण मी बोलते तेव्हा तुम्ही काहीतरी दुरुस्त करत असता. कुकर, नळ, नाहीतर मला."

"मी सुधारेन," मी म्हटलं.

"बघा," ती म्हणाली. "परत दुरुस्तीच."

मी तिला पाण्यात चल म्हणालो नाही. एवढं तरी कळलं. तीच म्हणाली की उन्हात तिचं डोकं दुखतं. केव्हापासून? "पहिल्यापासून." स्टेशनवर सोडलं. गाडी वेळेवर होती.

८ जून

काही नाही.

१९ जून

काही नाही असं लिहूनही अकरा दिवसांत काही झालं नाही.

रविवारी मास्तरांकडे जेवलो. त्यांना सांगितलं. त्यांना जानेवारीपासून माहीत होतं. हिने जाताना किल्ली मास्तरणींकडे ठेवली होती, आणि "यांच्याकडे लक्ष असू द्या" म्हणाली होती. मी तिथंच घास हातात घेऊन बसून राहिलो. म्हणजे दोन जानेवारीलाच तिला माहीत होतं. मी तेव्हा तिची बॅग उचलून रिक्षात ठेवली आणि म्हटलं, हलकी आहे, अकरा किलोच्या वर नसेल.

मास्तरणी म्हणाल्या, "भात गार होतोय." मग मी जेवलो.

२ जुलै

करवत घेऊन तळ्यावर गेलो. होडी तोडायची होती. कोणाला विकायची नव्हती, कोणी दोघांनी तिच्यात बसावं असं वाटत नव्हतं.

बोटवाल्या बाई शिट्टी वाजवून पोरींना काठाला बोलवत होत्या. माझ्या हातातली करवत त्यांनी बघितली.

"काय कापणार?"

"सगळं."

"आधी पुढचा बाक कापा. मग बसा आत. मग सांगा."

पुढचा बाक कापला. वीस मिनिटं लागली. मीच केलेला, घट्ट होता. मग आत बसलो. मागे नाही, मध्येच, तळावर, पाय पसरून. होडी सपाट राहिली. पुढचं टोक खाली आलं.

"दिसतं का?" बाई म्हणाल्या. "माझा नवरा गेला तेव्हा मी दोन वर्षं धक्क्याच्या डाव्याच बाजूला उभी राहायचे. उजवी त्याची. गिऱ्हाईक उजवीकडून पाण्यात पडलं तेव्हा सरकले."

"माझी बायको गेलेली नाही," मी म्हटलं. "म्हणजे, आहे ती."

"मग तर बरंच आहे की," त्या म्हणाल्या आणि पोरींवर ओरडायला गेल्या.

२३ जुलै

लहान शीड काढून टाकलं, ते सांभाळायला दुसरा हात नाही. पण मग होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. सुकाणू इतकं ओढतं की खांदा भरून येतो. विचार केला तेव्हा कळलं, पुढचं शीड गेलं म्हणून वाऱ्याचा जोर मागे सरकला. उरलेलं शीड आहे तिथंच ठेवून चालणार नाही. डोलकाठीच पुढे न्यायला हवी.

नऊ इंच. नऊ इंचांसाठी पुढचा भाग उघडून नवी खोबण बसवायची, जुनं भोक बुजवायचं. सुकाणूच्या दांड्याला एक जोडकाठी, म्हणजे मध्ये बसून हाताला येईल. दोऱ्या सगळ्या मांडीपाशी.

काम आहे. पण या वेळी घाई नाही, कोणी यायचं नाही.

१७ ऑगस्ट

आठ दिवस डोलकाठीची खोबण घासली. आज बसवली. दुपारी ओट्यापाशी उभा राहून जेवायला लागलो आणि मग ताट घेऊन टेबलाशी गेलो, बसलो. फार मोठं टेबल आहे. समोरची खुर्ची बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, मग परत आणली. माणसं येतात कधी.

३१ ऑगस्ट

चालली.

लिहायला फारसं नाही. वारा मध्यम, होडी सरळ, सुकाणू दोन बोटांत. झोत आला तेव्हा मी पलीकडे झुकलो आणि ती उठून बसली. पलीकडच्या काठापर्यंत गेलो, तिथे वळलो. काठावर नुसतं गवत आहे, घर नाही. ते तळं दुसरं होतं.

मग वारा पडला. अगदी मध्यावर. शीड लोंबकळलं. वल्हं न्यायला विसरलो होतो. तासभर तसाच बसलो. घट्ट करायला काही नव्हतं, तेल घालायला काही नव्हतं. पहिली वीस मिनिटं फार जड गेली. हात मांडीवरून उठत होते आणि परत बसत होते. नंतर पाण्याचा आवाज येत नाही हे ऐकू आलं. धक्क्यावरून बाईंची शिट्टी आली, येऊ का म्हणून. मी हात हलवून नको म्हटलं.

खूप एकटं वाटलं. आजवर वाटत नव्हतं असं नाही, पण मी त्याला दुसरं काहीतरी समजत होतो.

१४ सप्टेंबर

सकाळी हिला फोन केला. मी केला, तिने नाही.

"काही झालंय का?" तिचा पहिला प्रश्न.

"नाही. तू दुकानात नक्की काय करतेस, ते विचारायचं होतं."

ती मग म्हणाली, "खरंच विचारताय?"

"हो."

लोक चष्मे लावून बघतात आणि तिला विचारतात, कसा दिसतो. आधीची मुलगी सगळ्यांना छान म्हणायची. ही खरं सांगते. मालक पहिल्या आठवड्यात घाबरला होता, आता लोक हिलाच शोधत येतात. एक म्हातारे गृहस्थ चार वेळा आले, चारही वेळा हिने नाही म्हटलं, पाचव्यांदा त्यांना गोल काळी फ्रेम दिली. ते आरशासमोरून हलेनात. म्हणाले, "माझे वडील असे दिसायचे." मग दुकानाच्या खिडकीचं सांगितलं, तिथून काय काय दिसतं ते. दुपारी डबा कुठे बसून खाते ते. शेजारच्या खोलीतल्या बाईचं, जिला झोपेत गाणी म्हणायची सवय आहे.

मी खुर्चीवर बसलो होतो, हातात काही नव्हतं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ठिबकू दिला.

मध्येच ती थांबली. "ऐकताय ना?"

"हो."

"मग असे गप्प का?"

"ऐकतोय म्हणून."

ती मग म्हणाली, "हं. तर ती बाई," आणि पुढचं सांगायला लागली.